‘स्लीपीहेड’ म्हणजे झोपाळू डोकं नव्हे: अर्थ, वापर आणि मराठीतली जागा

प्रश्न सोलापुरातल्या एका आईचा आहे. मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत शिकते. सकाळच्या पहिल्या तासाला ती पेंगत होती, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘वेक अप, स्लीपीहेड!’ घरी येऊन तिने विचारलं, ‘आई, माझं डोकं झोपाळू आहे का?’ आईला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: बाईंनी हिणवलं का, हा शब्द आपण घरी वापरावा का, आणि मराठीत याला नेमकं काय म्हणायचं?

बाईंनी हिणवलेलं नाही. स्लीपीहेड हा लाडाचा शब्द आहे. ज्याच्या डोळ्यांवरची झोप अजून उतरलेली नाही किंवा जो बसल्या बसल्या पेंगतोय, अशा माणसाला जवळच्या माणसाने मारलेली ती हाक आहे. त्यात ‘तू आळशी आहेस’ किंवा ‘तुला काही कळत नाही’ असं काहीच येत नाही. पण तो कोण कोणाला आणि कधी म्हणतं यावर जवळजवळ सगळं अवलंबून आहे. सोलापूरकराला हे समजायला सोपं जावं, कारण आपल्याकडचा ‘बे’ अगदी असाच चालतो. ‘काय बे, कुठं होतास?’ हे दोस्ताच्या तोंडी प्रेमाचं आहे. तेच रिक्षात शेजारी बसलेला अनोळखी माणूस म्हणाला तर भांडण ठरलेलं. स्लीपीहेड ‘बे’पेक्षा पुष्कळच सौम्य आहे, पण दोघांचाही गोडवा नात्यातून येतो.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो खरोखर चांगला प्रश्न आहे. शब्दात ‘हेड’ आहे, मग डोकं कुठे गेलं? मराठी शाळेत शिकलेल्यांना याचं उत्तर बहुव्रीहि समासात सापडेल. नीलकंठ म्हणजे निळा गळा नव्हे, निळा आहे कंठ ज्याचा तो, म्हणजे शंकर. लंबोदर म्हणजे मोठं पोट नव्हे, ते पोट ज्याचं आहे तो गणपती. स्लीपीहेड तसाच फोडायचा: झोपाळलेलं आहे डोकं ज्याचं तो, किंवा ती. शब्द डोक्याचं वर्णन करतो आणि बोट माणसाकडे दाखवतो. इंग्रजीत या साच्याचे बरेच शब्द आहेत. रेडहेड म्हणजे तांबूस केसांची व्यक्ती, हॉटहेड म्हणजे लगेच भडकणारा, ब्लॉकहेड म्हणजे मठ्ठ, एगहेड म्हणजे पुस्तकात बुडालेला विद्वान, आणि तेही जरा तिरकसपणे म्हटलेलं. ही यादी नीट पाहिली तर ‘हेड’ने संपणारे पुष्कळ शब्द टोचणारे आहेत असं दिसतं. म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला स्लीपीहेडही शिवी वाटणं स्वाभाविक आहे. पण हा त्या कुटुंबातला मायाळू सदस्य आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो इंग्रजीत आहे आणि आज मुख्यतः घरात, मुलांशी आणि जोडीदाराशी बोलताना ऐकू येतो.

लिहिताना तो आज एकच शब्द आहे: एस, एल, डबल ई, पी, वाय, एच, ई, ए, डी. मध्ये जागा सोडायची नाही. जुन्या छपाईत मध्ये छोटी आडवी रेघ दिसते, ती चूक नव्हती, पण आता तिची गरज नाही. जागा सोडून दोन शब्द केले की अर्थ खरंच ‘झोपाळलेलं डोकं’ असा होतो. बोलतानाही हाच फरक ऐकू येतो. जोडशब्दात जोर पहिल्या भागावर पडतो, ‘स्ली’ ठसठशीत आणि ‘हेड’ हलकं. ‘हेड’वर जोर दिला तर ऐकणाऱ्याला दोन सुटे शब्द वाटतात.

उच्चारात आपल्याकडे होणारी मोठी चूक म्हणजे ऱ्हस्व ‘स्लि’. स्लीप म्हणजे झोप आणि स्लिप म्हणजे घसरणं, इथे फरक फक्त त्या एका स्वराचा आहे. ‘स्लिपीहेड’ म्हटलं तर ब्रिटिश माणसाला ‘निसरडं डोकं’ ऐकू येईल, कारण तिकडच्या बोलीत ‘स्लिपी’ म्हणजे निसरडं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यात काटेकोर आणि बोलण्यात सैल असण्याची आपली सवय इथे आड येते. शेवटचा ‘ड’ही तोंडातच थांबला पाहिजे. ज्या घरांत कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते, तिथे तो सहज ‘हेडु’ होतो, कारण त्या भाषांना शब्दाचा शेवट स्वराने करायची सवय आहे. मुलांना ‘हेड’ म्हणून झाल्यावर जीभ क्षणभर टाळूलाच ठेवायला सांगा. चार-पाच वेळात जमतं.

व्याकरणाच्या बाजूने मराठी माणसाचा पाय जिथे घसरतो ते कारण एकच आहे. आपण याचं मनात ‘झोपाळू’ असं भाषांतर करतो, आणि झोपाळू हे विशेषण आहे. मग वाक्य तयार होतं: ‘ही इज व्हेरी स्लीपीहेड.’ हे चूक. स्लीपीहेड नाम आहे, त्याच्या आधी ‘व्हेरी’ लागत नाही. ‘ही इज अ स्लीपीहेड’ किंवा ‘ही इज सच अ स्लीपीहेड’ असं म्हणायचं. नुसतं ‘त्याला झोप आलीय’ म्हणायचं असेल तर ‘ही इज स्लीपी’ पुरे, आणि तो गाढ झोपलेलाच असेल तर ‘ही इज अस्लीप’. अनेकवचन सरळ ‘स्लीपीहेड्स’. मुलगा, मुलगी, नवरा, बायको, आजी, सगळ्यांना शब्द तोच, लिंगाप्रमाणे बदल नाही. क्रियापद म्हणून तो वापरत नाहीत.

हाक मारताना मात्र ‘अ’ गळतो: ‘गुड मॉर्निंग, स्लीपीहेड’, ‘कम ऑन, स्लीपीहेड’. मध्ये स्वल्पविराम हवा. मोबाइलवरच्या गप्पांत तो कोणी देत नाही आणि त्याने काही बिघडत नाही, पण शाळेच्या वहीत द्यावा, कारण हाक मारलेल्या शब्दाआधी स्वल्पविराम हा साधा नियम मुलांना या गोड उदाहरणातून कायमचा लक्षात राहतो. वाक्याच्या मध्ये पहिलं अक्षर लहानच ठेवायचं. मोठ्या अक्षराने लिहिलेला स्लीपीहेड दिसला तर ते बहुधा कशाचं तरी नाव असतं. गाद्यांचे ब्रँड या नावाचे आहेत, आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांच्या सीपॅप यंत्रातल्या नोंदी वाचण्यासाठी याच नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर होतं, ज्याच्यावरून पुढे ऑस्कर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर तयार झालं. इंटरनेटवर अर्थ शोधताना या गोष्टी मध्ये येतात, त्यांनी गोंधळू नका.

हा शब्द फक्त सकाळचा आहे असा एक समज दिसतो. तो तसा नाही. त्याच्या वेळा तीन. एक, उशिरा उठून डोळे चोळत स्वयंपाकघरात आलेल्या माणसाला: ‘मॉर्निंग, स्लीपीहेड.’ दोन, उठवताना: ‘अप यू गेट, स्लीपीहेड.’ सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची असेल आणि दोन्ही पोरं अंथरुणात लोळत असतील तर ‘कम ऑन, स्लीपीहेड्स, वुई विल मिस द ट्रेन’ हे अगदी चपखल. तीन, रात्री जेवताना ताटावरच मान टाकणाऱ्या लेकराला: ‘ऑफ टु बेड, स्लीपीहेड.’ परदेशातल्या भाच्याला संदेश पाठवताना हे तिसरं लक्षात ठेवा. सोलापुरात सकाळचे ७ म्हणजे न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे ८.३० किंवा उन्हाळ्यात ९.३०. त्याला ‘गुड मॉर्निंग, स्लीपीहेड’ पाठवण्यापेक्षा त्याच्या जांभईला उत्तर म्हणून ‘गो टु बेड, स्लीपीहेड’ जास्त शोभेल.

या तिन्ही वेळांत एक गोष्ट समान आहे. माणूस समोर आहे, झोप ताजी आहे आणि शब्द हाकेसारखा आलाय. तो हाकेतून निघून वर्णनात गेला की गोडवा कमी होऊ लागतो. ‘वेक अप, स्लीपीहेड’ हा लाड. ‘शी इज अ स्लीपीहेड’ हे आजीने कौतुकाने म्हटलं तर ठीक. पण तेच शाळेच्या डायरीत शेरा म्हणून आलं तर ती तक्रार होते, आणि तीही मोघम. शिक्षकांनी तिथे ‘ड्राउझी’, म्हणजे पेंगुळलेली, हा शब्द वापरावा आणि नेमकं लिहावं: सोमवारी आणि मंगळवारी पहिल्या दोन तासांना पेंगत होती. पालकाला त्यातून काही करता येतं. वर्गात एकट्या मुलाला रोज हाच शब्द म्हणण्यापेक्षा सगळ्या वर्गाला ‘गुड मॉर्निंग, स्लीपीहेड्स’ म्हणणं केव्हाही बरं. एकाला चिकटलेलं नाव मधल्या सुट्टीत टोपणनाव होतं, आणि मुलं ते लाडाने म्हणत नाहीत. पहिली-दुसरीत चालणारी हीच हाक नववी-दहावीत सगळ्यांसमोर मारू नये.

कामाच्या ठिकाणी तर हा शब्द दारातच ठेवावा. साहेबांना, ग्राहकाला किंवा मुलाखत घेणाऱ्याला तो चालत नाही हे उघड आहे. पण बरोबरीच्या सहकाऱ्यालाही, विशेषतः पुरुषाने स्त्रीला, सकाळी मोबाइलवर ‘गुड मॉर्निंग, स्लीपीहेड’ पाठवणं इंग्रजीत सलगीचं ठरतं. झोपेतून उठतानाचं रूप पाहायचा अधिकार घरच्यांचा असतो, आणि हा शब्द तो अधिकार गृहीत धरतो. सासू-सासऱ्यांच्या बाबतीत सुनेने किंवा जावयाने थांबलेलंच बरं. फिनलंडमध्ये २७ जुलैला झोपाळूंचा दिवस असतो, तिकडे झोपाळूला ‘उनिकेको’ म्हणतात. घरात सगळ्यात शेवटी उठणाऱ्यावर त्या दिवशी घरचेच पाणी ओततात. तिथेही ही चेष्टा घरच्यांनीच करायची असते, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

रात्रपाळी करणाऱ्यांचा वेगळा विचार हवा. सोलापूरच्या पूर्व भागात रात्रभर यंत्रमागावर उभा राहून सकाळी ८ ला आडवा झालेला माणूस, किंवा रात्रपाळी संपवून घरी आलेली परिचारिका, यांना दुपारी उठल्यावर स्लीपीहेड म्हणणं लाडाचं असलं तरी खोटं आहे. त्यांनी जास्त झोप घेतलेली नसते, उलट कमीच घेतलेली असते. ज्याची झोप हक्काची आहे त्याला ती लागली म्हणून चिडवू नये.

आता मराठी. पहिली गोष्ट, ‘झोपाळू डोकं’ हे भाषांतर कुठेही करू नका. आपल्याकडे डोकं हे बुद्धीचं आणि रागाचं ठिकाण आहे. डोकं चालतं, फिरतं, तापतं, कोणी डोकं खातं. त्यामुळे झोपाळू डोकं म्हटलं की ‘याचं डोकं चालत नाही’ असाच अर्थ कानावर येतो, म्हणजे नेमकं जे इंग्रजीत नाही तेच. सोलापुरात कानावर पडणाऱ्या भाषा याच कल्पनेसाठी वेगवेगळे अवयव निवडतात, हे मोठं सुंदर आहे. तेलुगूत ‘निद्रमोहम’, म्हणजे झोपेचा चेहरा. कन्नडमध्ये ‘निद्देगण्णु’, म्हणजे झोपाळलेले डोळे. इंग्रजीत डोकं. मराठी अवयवाच्या वाटेला जातच नाही. ती प्रत्यय लावते: झोपाळू. हा ‘आळू’ मायाळू, दयाळू, कनवाळू, लाजाळू यांतला आहे, त्यामुळे त्याच्यात आपोआप मवाळपणा येतो. शिवाय झोपाळू शब्द मुलगा-मुलगी दोघांना तसाच लागतो, स्लीपीहेडसारखा. म्हणून एका शब्दाला एक शब्द हवाच असेल तर ‘झोपाळू’ घ्यावा.

पण जवळचे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत. ‘झोपाळ्या’ म्हटलं की लगेच दटावणी आली. ‘पेंगुळलेला’ आणि ‘झोपाळलेला’ ही त्या क्षणाची अवस्था आहे, त्यात नाव ठेवणं नाही, म्हणून रात्री ताटावर पेंगणाऱ्या बाळासाठी हेच योग्य: ‘पेंगुळलंय गं बाळ, चल झोपवते.’ ‘सूर्यवंशी’ हा सूर्य उगवल्यावर उठणाऱ्यासाठी मिश्कील शब्द. त्यात कौतुकापेक्षा टोमणा जास्त, आणि सोलापूर भागात सूर्यवंशी आडनावाची घरं बरीच असल्यामुळे चारचौघांत जपून. ‘कुंभकर्ण’ भावंडांमध्ये चालतो, पण तो झोपेबरोबर अवाढव्य देह आणि खादाडपणाही घेऊन येतो. अंगाने जाड मुलाला तो म्हणू नये. ‘आळशी’ आणि ‘ऐदी’ तर इथे बसतच नाहीत. त्यांच्यासाठी इंग्रजीत ‘लेझीबोन्स’ आहे, तोही तसा हलकाफुलका, पण तो कामाच्या आळसाबद्दल बोलतो, झोपेबद्दल नाही. ‘स्लगर्ड’ जुना आणि कडक. ‘नाइट आउल’ म्हणजे रात्री उशिरापर्यंत जागणारा, तो सकाळी स्लीपीहेड असू शकतो, पण शब्द वेगळे. ‘डोझी’ तर ब्रिटनमध्ये मंदबुद्धी या अर्थानेही वापरतात, तो टाळावा.

खरं सांगायचं तर मराठीत स्लीपीहेडचं काम बहुतेक वेळा नाम करतच नाही. ते क्रियापद आणि आदरार्थी रूप करतं. चार वर्षांच्या पोराला एरवी ‘ऊठ’ म्हणणारी आई लाडात आली की म्हणते, ‘उठा, राजे! उठा की आता!’ मुलगी असेल तर ‘उठल्या का राणीसाहेब?’ नवऱ्याला, ‘जागे झालात का महाराज? चहा निवला.’ इंग्रजीत ‘यू’ला मान चढवता येत नाही, म्हणून तिथे लाडाला वेगळं नाम लागतं. आपण लहानग्याला एकदम ‘तुम्ही’ केलं की त्याच क्षणी लाड सुरू होतो. याची मुळं खोल आहेत. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला पहाटे काकडआरतीने विठ्ठलाला उठवतात. भूपाळीतही देवाला उठायची विनवणी असते. झोपलेल्याला मानाने आणि मायेने उठवायची ही रीत देवघरातून अंथरुणापर्यंत आलेली आहे. म्हणून गोष्टीचं पुस्तक किंवा उपशीर्षकं मराठीत करणाऱ्यांना सांगणं असं, की दर वेळी ‘झोपाळू’ ठेवू नका. ‘वेक अप, स्लीपीहेड, द बस इज हिअर’ याचं ‘ऊठ गं झोपाळू, बस आली बघ’ होईल. ‘वेल, गुड मॉर्निंग, स्लीपीहेड’ याचं ‘उठलात का राजे?’ जास्त जिवंत. दोन दोस्तांमध्ये आणि प्रसंग सोलापूरचा असेल तर ‘ऊठ की बे, किती झोपतो!’ हेच बरोबर, तिथे झोपाळू शब्द पुस्तकी वाटेल. ‘की’, ‘गं’, ‘रे’, ‘बे’ हे छोटे शब्द गाळू नका. नातं तेच सांगतात, ते काढले की उरतो नुसता हुकूम.

सुराची काळजी दोन्ही भाषांत घ्यावी लागते. ‘उठा आता महाराज’ हे भांडी आपटत म्हटलं की टोमणा झाला. इंग्रजीतही ‘लुक हू इज फायनली अप’ यानंतर जोडलेला स्लीपीहेड तसाच बोचतो. आवाज खाली, वेग कमी, आणि शब्द एकदाच. तीनदा म्हटला तर ती कटकट होते आणि मूल पांघरूण डोक्यावर ओढून घेतं.

एका ठिकाणी हा शब्द धोक्याचा आहे, ते सांगायलाच हवं. झोप हे आजाराचं लक्षण असेल तिथे लाडाचा शब्द लक्षणावर पांघरूण घालतो. ताप आलेलं बाळ हलवूनही नीट जागं होत नसेल, दूध ओढत नसेल, तर ते स्लीपीहेड नाही. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं, आणि डॉक्टरांना ‘नेहमीसारखं जागं होत नाही, सुस्त पडून आहे’ असं स्पष्ट सांगायचं. इंग्रजीत त्याला ‘लेथार्जिक’ म्हणतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी येणारी गुंगी ‘ड्राउझीनेस’, गोळ्यांच्या पाकिटावर तोच शब्द छापलेला असतो. मूल रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल आणि दिवसा पेंगत असेल तर टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) तपासून घ्या. मोठ्या माणसाच्या दिवसाच्या झोपेसाठी डॉक्टर एपवर्थ मापन नावाची प्रश्नावली वापरतात. आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २४ पैकी १० च्या वर गेलं की पुढची चौकशी. बस चालवताना डुलकी घेणाऱ्याला तर चुकूनही गमतीने स्लीपीहेड म्हणू नये, त्याला गाडी बाजूला घ्यायला लावावी.

तुमच्या मुलीबद्दल एवढंच पाहा, की ती पेंगते ती झोप कमी पडल्यामुळे का. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी ६ ला उठायचं असेल तर रात्री ९ ला तिचे डोळे मिटलेले हवेत, ९ ला अंथरूण घालायला सुरुवात करून भागत नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला, तो मुलांची झोप अपुरी होते या कारणानेच. शाळा त्याआधी भरत असेल तर पालकसभेत हा विषय जरूर काढा.

आणि तिला उत्तर द्यायलाही शिकवा, म्हणजे शब्द अंगावर आल्यासारखा वाटणार नाही. बाई म्हणाल्या ‘वेक अप, स्लीपीहेड’, तर हसून ‘आय अ‍ॅम अप, मिस!’ एवढंच म्हणायचं. रविवारी बाबा उशिरा उठले की त्यांच्यावर हाच शब्द वापरून बघायची मुभा तिला द्या. ‘स्ली’ लांब, ‘हेड’ हलकं, आणि शेवटी ‘उठा की बाबा, चहा निवला’ असं जोडलं तरी चालेल.